काटा खाली आला आणि आम्ही खूश झालो

जुलैतली रात्र, धो धो पाऊस आणि खंबाटकी घाट. पुण्याहून साताऱ्याला घरी चाललो होतो. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे आई आणि आजी. हेडलाइट चालू, वायपर फास्टवर, काचेवर वाफ धरू नये म्हणून ब्लोअर पूर्ण. निम्मा घाट चढलो असू, तेवढ्यात गाडीचा आवाज उतरला. बाबांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला होता आणि ते रस्त्याऐवजी डॅशबोर्डकडे बघत होते. टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकायला आला होता.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, छत्री धरून बॉनेट उघडलं. वाफ नाही. जळका वास नाही. प्लॅस्टिकच्या डब्यातलं हिरवं कूलंट दोन खुणांच्या मधे, जिथे असायला हवं तिथेच. अर्धा तास आम्ही तसेच उभे. शेजारून जाणारा प्रत्येक ट्रक आमच्यावर पाणी उडवून जात होता. पुन्हा निघालो, दोन वळणं गेलो, काटा पुन्हा वर. बाबा म्हणाले, "झालं. हिची वेळ आली आता."

'हिची' म्हणजे आमच्या २००६ सालच्या पेट्रोल हॅचबॅकची. मी दोन वर्षांची असताना ती घरात आली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण केलं, ते पाच वर्षांसाठी मिळतं, आणि तेही आता संपत आलंय. म्हणजे पुन्हा फी, पुन्हा पासिंग, नाहीतर भंगार. भंगारवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारून 'बावीस हजार' असं सांगूनही टाकलं होतं. मला मात्र ती जायला नको होती. भावना वगैरे आहेतच, पण खरं कारण व्यवहाराचं आहे. मी मास कम्युनिकेशन शिकतेय. नोकरी लागेपर्यंत, आणि या क्षेत्रात लागल्यावरही बरीच वर्षं, मला परवडेल अशी ही एकच गाडी आहे.

तीन गॅरेज, तीन निदानं

पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "सेन्सर गेलाय." बदलला. चारशे रुपये. दोन दिवस काटा एकदम शहाण्यासारखा खाली बसला. तिसऱ्या दिवसापासून तो खड्ड्यात उडी मारायला लागला. म्हणजे गाडी खड्ड्यात गेली की काटाही हलायचा.

दुसऱ्या गॅरेजमध्ये त्यांनी तो जगप्रसिद्ध इलाज केला. "थर्मोस्टॅट काढून टाकतो, मग गाडी गरमच होणार नाही." आपल्याकडे हा उपाय इतका सर्रास चालतो, की रस्त्यावरच्या कितीतरी जुन्या गाड्यांमध्ये हा भागच नसेल. काढल्यानंतर हायवेवर आमचा काटा 'सी'च्या जवळ लोळायचा आणि गावात आलं की वर यायचा. पेट्रोलही जास्त प्यायला लागली. पूर्वी लिटरला सोळा द्यायची, ती तेरावर आली. याचं कारण मला नंतर कळलं. इंजिन नीट तापलंच नाही, तर गाडीचा कॉम्प्युटर 'अजून थंड आहे' असं समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो.

तिसऱ्या ठिकाणी तर थेट "हेड गॅस्केट. इंजिन खोलावं लागेल. पस्तीसेक हजार धरून चाला." बाबांनी घरी येऊन भंगारवाल्याचा नंबर शोधला.

या तिघांपैकी एकानेही एक साधा प्रश्न विचारला नाही, की काटा नेमका कधी वर जातो? आम्हाला पहिल्या सेमिस्टरला शिकवतात, की बातमीला कोण, काय, कधी, कुठे, का विचारल्याशिवाय लिहायला बसायचं नाही. इथे तिन्ही ठिकाणी थेट हेडलाइन लिहून मोकळे. (हेडलाइन लिहून मोकळं होण्याची सवय आमच्या क्षेत्रातही आहे म्हणा.)

गुऱ्हाळाचा वास

दिवाळीनंतर आजीच्या डोळ्यांची तपासणी होती पुण्यात. साताऱ्याहून सकाळी निघालो. आनेवाडीचा टोल सोडला तेव्हा काटा तीन चतुर्थांश वर. बाबा गप्प. भुईंजच्या आसपास आजी म्हणाली, "गुऱ्हाळ सुरू झालं वाटतं. गोड वास येतोय." दोन्ही बाजूंना ऊस उभा, त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आईने तर काचसुद्धा खाली केली वास घ्यायला.

त्यानंतर पाचेक मिनिटांत काटा खाली यायला लागला. मधोमध आला, आणखी खाली गेला, पार 'सी'वर जाऊन बसला. गाडीत अक्षरशः आनंद झाला. बाबा म्हणाले, "बघ, सकाळच्या गार हवेत कशी मस्त चाललीये." चार महिन्यांत पहिल्यांदाच ते गाडी चालवताना हसले होते.

आम्ही वाचलो ते आजीच्या चहामुळे. बोगद्याच्या आधी चहा हवाच, हा तिचा नियम. सुरूरच्या फाट्याजवळ एका हॉटेलसमोर थांबलो, मी खाली उतरले आणि बघितलं तर गाडीखालून हिरवी धार. प्लॅस्टिकचा डबा कोरडा ठणठणीत. गोड वास गुऱ्हाळाचा नव्हताच. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते गरम इंजिनावर सांडलं की असाच गोडसर वास सुटतो. थर्मोस्टॅट काढताना होज पाइपचा क्लॅम्प नीट आवळला नव्हता, तो हळूहळू ढिला होत गेला होता.

आता प्रश्न असा, की इंजिनात पाणी नाही, म्हणजे ते भयंकर तापायला हवं, मग काटा खाली कसा गेला? उत्तर ऐकलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. सेन्सर इंजिनाचं तापमान थेट मोजत नाही, त्याच्या टोकाशी असलेल्या पाण्याचं मोजतो. पाणी संपलं की तो हवेत लटकतो. पाण्यातून त्याला जितकी उष्णता मिळते, तितकी हवेतून मिळत नाही. मग तो बिचारा 'थंड आहे' असं सांगतो, आणि त्याच वेळी दोन इंचांवर इंजिनाचं हेड भाजून निघत असतं. रेडिएटरच्या पंख्याचंही तेच. त्याचा स्विचही पाण्यातच बसलेला असतो, त्यामुळे पंखाही लागत नाही. आणखी दहा-पंधरा किलोमीटर गेलो असतो, तर तिसऱ्या गॅरेजवाल्याचे पस्तीस हजार खरे ठरले असते.

म्हणून हे आधी सांगते. चालती गाडी गरम दाखवत असताना काटा अचानक पार खाली गेला, तर ती चांगली बातमी समजू नका. हीटर चालू करून बघा. तापलेल्या गाडीत हीटरमधून गार वारा आला, तर त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचत नाहीये. गाडी लगेच थांबवा.

आणि दुसरी गोष्ट त्याच हॉटेलसमोर शिकले. एक मुलगा मदतीला आला आणि हातात फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला लागला. हॉटेलचे मालक गल्ल्यावरून ओरडत धावत आले, "हात काढ!" रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा तितके बार जास्त होईपर्यंत ते झाकण घट्ट धरून ठेवतं. पुण्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. झाकणाखालच्या दाबात तेच पाणी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरचाच प्रकार. आणि कुकरची शिट्टी न काढता झाकण ओढलं तर काय होतं, हे कुठल्याही मराठी घरात वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही सव्वा तास थांबलो. मग वाईहून एक मेकॅनिक आले, त्यांनी क्लॅम्प आवळला, इंजिन पुरतं गार झाल्यावर पाणी भरलं. आजीची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली.

"मीटर नंतर. आधी तू सांग."

शेवटी कुणीतरी साताऱ्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. साठीच्या पुढचे गृहस्थ, छोटंसं दुकान, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग. मी गाडी उभी केली, मल्टिमीटर दिसला म्हणून म्हटलं, "काका, मीटर लावून बघता का?" ते म्हणाले, "मीटर नंतर. आधी तू सांग. काटा वर जातो तेव्हा काय काय चालू असतं?"

मी गप्प. मला माहीतच नव्हतं. त्यांनी मला परत पाठवलं. "आठ दिवस वहीत लिही. वेळ, गाडी उभी का चालती, लाइट, ब्लोअर, वायपर, पंखा लागलाय का, आणि काटा कुठे. मग ये."

ही माझी आतापर्यंतची सगळ्यात नीट ठेवलेली नोंदवही आहे. एकाही असाइनमेंटसाठी मी एवढी शिस्त दाखवलेली नाही. तिसऱ्याच दिवशी त्यात काहीतरी दिसायला लागलं. दुपारी काटा कमी त्रास देतो, रात्री जास्त. पावसात सगळ्यात वाईट. आता गंमत बघा. इंजिन खरोखर गरम होत असतं, तर मेच्या उन्हात जास्त आणि जुलैच्या पावसात कमी व्हायला हवं. आमच्याकडे उलटं. पाचव्या रात्री मी आमच्या गेटसमोर गाडी नुसती चालू ठेवून हेडलाइट लावले. काटा वर. बंद केले. काटा खाली. लावले, बंद केले, लावले, बंद केले. समोरच्या काकूंना वाटलं मी कुणालातरी इशारे करतेय.

वही वाचून काका म्हणाले, "पाणी एका सेकंदात तापत नाही, आणि एका सेकंदात गारही होत नाही." मी घरी येऊन शाळेतलं गणित केलं. गाडीत चारेक लिटर पाणी. ते २० अंशांनी तापवायला ४ गुणिले २० गुणिले ४.२ म्हणजे ३३६ किलोज्यूल लागतात. काट्याची ती उडी एका सेकंदाची होती, म्हणजे ३३६ किलोवॅट. आमच्या गाडीचं अख्खं इंजिन जीव तोडून ४५ किलोवॅटच्या आसपास देतं. तेव्हा ती उडी पाण्याची असणं शक्यच नव्हतं, ती विजेची होती. काटा दोन-चार मिनिटं घेत सावकाश चढला-उतरला, तर पाणी, पंखा, थर्मोस्टॅट यांच्याकडे बघायचं. क्षणात उडाला, तर आधी वायर आणि अर्थिंग. याला एक अपवाद त्यांनीच सांगितला. पाण्यात हवेचा फुगा अडकला असेल, तर तो सेन्सरवरून जाता-येता काटा जरा झटपट हलवतो. पण फुग्याला तुमचे हेडलाइट कधी लागले हे कळत नाही.

त्यांचा पुढचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. "लाइट लावल्यावर पेट्रोलचा काटा हलतो का?" नाही हलत. "मग मीटर बरं आहे." दोन्ही काटे एकदम नाचले असते, तर दोष डॅशबोर्डच्या मागे असता, म्हणजे मीटरच्या स्वतःच्या अर्थिंगमध्ये, किंवा फार जुन्या गाड्यांमध्ये काट्यांना साधारण दहा व्होल्ट पुरवणारा जो छोटा स्टॅबिलायझर असतो त्याच्यात. एकटाच काटा हलतो, म्हणजे दोष त्या एकट्याच्या वाटेवर.

"आणि सेल्फ कसा मारते सकाळी?" जड मारायची. त्याच्यासाठी आम्ही मार्चमध्ये नवी बॅटरी टाकली होती. तरीही जडच. काका हसले फक्त.

दोन शून्यांची गोष्ट

आता थोडं तांत्रिक, पण समजून घ्या, कारण इथेच सगळं आहे. आमच्यासारख्या गाडीत डॅशबोर्डच्या काट्यासाठी वेगळा सेन्सर असतो, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरसाठी दुसरा. काट्याच्या सेन्सरला एकच वायर येते. विजेची परतीची वाट म्हणजे त्याचे स्वतःचे आटे, जे इंजिनाच्या धातूत घट्ट बसलेले असतात. सेन्सर गरम झाला की त्याचा विरोध कमी होतो आणि काटा वर जातो. आमच्या सेन्सरने थंड असताना साडेतीनशे ओहमच्या आसपास दाखवलं, गरम झाल्यावर पन्नासच्या आसपास.

मीटरची अर्थ मात्र इंजिनाला नसते, गाडीच्या बॉडीला असते. आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळं. दोघांना जोडणारी एक जाड पट्टी किंवा केबल असते, अर्थ स्ट्रॅप. ती धड असेल, तर बॉडीचं शून्य आणि इंजिनाचं शून्य एकच. ती गंजली की दोन शून्यं तयार होतात. एकाच विहिरीची खोली एकाने कठड्यावरून मोजायची आणि दुसऱ्याने खालच्या पायरीवरून, तसं. लाइट, वायपर, ब्लोअर यांची सगळी वीज त्याच पट्टीतून अल्टरनेटरकडे परत जाते. जितकं जास्त चालू करू, तितका त्या दोन शून्यांमधला फरक वाढतो, आणि मीटरला वाटतं सेन्सर गरम झालाय. सेल्फला तर याहून कितीतरी जास्त वीज त्याच वाटेने हवी असते, म्हणून तो जड.

काकांनी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनावर धातू खरवडून. इंजिन चालू, लाइट-ब्लोअर सगळं चालू. ०.६ व्होल्ट. इथे ०.२ च्या आत यायला हवं. मग त्यांनी एक जाड जंपर केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा इंजिनाच्या हुकावर. मी गाडीत बसून काट्याकडे बघत होते. चिमटा लागला, काटा खाली आला आणि बसला. चार महिने, तीन गॅरेज, एक नवी बॅटरी, आणि उत्तर एका केबलमध्ये.

खरी पट्टी बॅटरीच्या ट्रेखाली सापडली. हिरवी-पांढरी पावडर धरलेली, बऱ्याचशा तारा तुटलेल्या, उरलेल्या काळ्या. नवी टाकली, दोन्हीकडचे बोल्ट आणि त्यांच्या जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्या, वर ग्रीस. साडेतीनशे रुपये, मजुरीसकट. पुन्हा मोजलं तर ०.०४.

पण खड्ड्यात उडी मारणारा काटा? त्याचं उत्तर पहिल्या गॅरेजने बसवलेल्या सेन्सरमध्ये निघालं. तो गळू नये म्हणून त्याच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, नळाला गुंडाळतात तशी, आणि चांगली सात-आठ वेढे. आटे म्हणजेच त्याची परतीची वाट. टेपने ती जवळजवळ बंदच केली होती. म्हणून आधी काटा खोटाच खाली बसला आणि नंतर धक्क्यागणिक हलायला लागला. टेप काढून, आटे साफ करून, त्याच्या वॉशरसह सेन्सर परत बसवला. गळत नाही.

म्हणजे आमच्या काट्याला एक दोष वर ओढत होता, एक खाली. वर थर्मोस्टॅट नसल्याने खरं तापमानही इकडेतिकडे. अशा वेळी कुणी एका नजरेत निदान करून दाखवलं, तर त्याला नमस्कार करून निघावं, असं माझं मत झालंय.

पातेलं, धागा आणि आईचा आरडाओरडा

थर्मोस्टॅट नवा आणला. त्याच्या आत मेण भरलेली डबी असते. मेण तापून फुगतं आणि झडप उघडते, गार झालं की स्प्रिंग ती मिटवते. ना वायर, ना कॉम्प्युटर. कितव्या अंशाला उघडायचं ते त्याच्यावरच कोरलेलं असतं, आमच्यावर ८२ होतं. बसवायच्या आधी घरी तपासला. पातेल्यात पाणी, धाग्याने थर्मोस्टॅट टांगलेला, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर. (पातेलं दुधाचं होतं. आईला हे वर्तमानपत्रातूनच कळणार आहे.) ८० पर्यंत काही नाही. ८३ च्या सुमाराला कडेला बारीक फट. पंचाण्णवच्या आसपास पूर्ण उघडला. गॅस बंद केला, तसा हळूहळू मिटला. अशी परीक्षा तुम्हीही घेऊ शकता, फक्त पातेलं वेगळं घ्या.

मग खात्री करून घ्यायची होती, की काटा आता जे दाखवतो ते खरं आहे का. बातमीला दोन सोर्स हवेत, तर काट्यालाही हवेत. मी हुशारी करून करोनातला कपाळावर धरायचा थर्मामीटर आणला. त्याने सरळ 'एचआय' लिहून हात वर केले. त्याची धाव माणसाच्या तापापर्यंतच. काकांकडे मोठी इन्फ्रारेड गन होती. थर्मोस्टॅटच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घरावर धरली तर ५५. मी हादरले. काका म्हणाले, "चकचकीत धातू या गनला फसवतो," आणि त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. ८६. काटा मध्याच्या किंचित खाली. दोन सोर्स जुळले.

राहता राहिलं हेड गॅस्केट. थंड इंजिनावर झाकण उघडून, मग इंजिन चालू करून पाण्याकडे बघत बसलो. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे आले आणि थांबले. गॅस्केट गेलं असेल तर बुडबुडे येतच राहतात, इंजिनातला वायू पाण्यात शिरतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस नाही, सायलेन्सरमधून गरम झाल्यावर पांढरा धूर नाही. शंका उरलीच तर एक निळं रसायन मिळतं, रेडिएटरच्या तोंडावर धरून तपासायचं. इंजिनातला कार्बन डायऑक्साइड लागला की ते पिवळं पडतं. आम्हाला त्याची गरज पडली नाही. कूलंट मात्र नवं भरलं, नळाचं पाणी नाही. पाण्यातले क्षार आत साचतात, आणि गंज थांबवायचं काम कूलंटमधल्या रसायनांचं असतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला, असं म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि बाबा त्यांचे जुने सभासद होते.

तुमच्या घरची गाडी आमच्याहून नवी असेल, तर काम आणखी सोपं. हजार रुपयांच्या आत ओबीडीचा ब्लूटूथ अडॅप्टर मिळतो, तो मोबाइलवर कॉम्प्युटरच्या सेन्सरचा थेट आकडा दाखवतो. काट्याशी ताडून बघा. आमच्या गाडीशी त्याची भाषा जुळली नाही, पण मैत्रिणीच्या गाडीत मजेशीर गोष्ट दिसली. आकडा ७८ वरून ९८ पर्यंत गेला, काटा मधोमध ढिम्म. बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो, ग्राहक घाबरू नये म्हणून. आणि बऱ्याच गाड्यांत तर काटाच नाही, थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल. मला हे पटत नाही. लाल दिवा लागेपर्यंत काहीच कळणार नसेल, तर वहीत लिहायचं काय?

गेल्या रविवारी रात्री पुन्हा खंबाटकी चढलो, यावेळी मी चालवत होते. हेडलाइट, ब्लोअर, पाऊस नव्हता तरी बाबांनी हट्टाने वायपरही लावायला सांगितले. कोरड्या काचेवर वायपर करकरत होते आणि आम्ही दोघं काट्याकडे बघत होतो. तो जागचा हलला नाही. मागून आजीने विचारलं, "काही वास येतोय का गं?" मी खरंच दोनदा हुंगून बघितलं.

आरटीओचा फॉर्म सध्या टेबलावर आहे. परवा भंगारवाल्याचा फोन आला होता, गाडी बघायला येऊ का म्हणून. बाबा म्हणाले, "आत्ता नाही जमणार. गाडी पोरगी घेऊन गेलीये."